सैनिकाच्या घरातील मुलगी आणि तिची शाळा

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत वाचन व चर्चा करण्यासाठी अभ्यासलेख)



महाराष्ट्रातील जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आल्या आणि त्याच वर्षीच्या २० ऑक्टोबरला चीनने आपल्या सरहद्दीवर आक्रमण केले. पुढे १९६५, १९७१ आणि १९९९ साली देशावर पुन्हा युद्धाचे प्रसंग आले. त्या प्रत्येक वेळी खेड्यातील शाळांनी प्रभातफेऱ्या काढल्या, निधी गोळा केला, वीरांच्या कथा फळ्यावर लिहिल्या. १९४९ सालापासून दरवर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन पाळला जातो. त्या दिवशी निधीची पेटी वर्गातून फिरते आणि मुले आपापल्या परीने तीत नाणी टाकतात. हे सर्व योग्यच आहे.

परंतु ती पेटी ज्या बाकांवरून फिरते, त्यांपैकीच एखाद्या बाकावर सैनिकाची मुलगी बसलेली असते. तिचा बाप घरी परत आला आहे. गावाने त्याला हार घातला, भाषणे झाली, मंडप उतरला. त्यानंतर त्या घरात काय घडते, याचा विचार आपण क्वचितच करतो. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

१. युद्ध घरी येते तेव्हा

सैनिक परत आला म्हणजे युद्ध संपले, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. घरच्या माणसांना मात्र अनुभव निराळा येतो. कोणी पाय गमावून येतो, कोणाच्या पाठीच्या कण्याला इजा झालेली असते, कोणाची दृष्टी अधू झालेली असते. अशी जखम निदान दिसते आणि तिला औषधोपचार तरी होतो. दुसऱ्या प्रकारची जखम दिसत नाही. माणूस रात्री दचकून उठतो, फटाक्यांचा आवाज झाला की घामाघूम होतो, लहानशा कारणावरून संतापतो किंवा दिवसच्या दिवस कोणाशी बोलत नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळी या अवस्थेला ‘शेल शॉक’ म्हणजे तोफगोळ्यांचा धक्का असे म्हणत. अनेकांनी तिला भित्रेपणा ठरविले. आघातोत्तर मानसिक ताण या नावाने अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेने तिची आजारांत नोंद केली ती १९८० साली. म्हणजे ज्याला आज आजार म्हणतात, त्याला गावाने ‘डोके फिरले’ असेच म्हणावे, हे दीर्घकाळ चालत आले आहे.

अशा घरात कामांची वाटणी बदलते. बाप खाटेवर किंवा स्वतःच्या तंद्रीत असतो. पेन्शनचे कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत असतात. आई रोजाने जाऊ लागते. मग पाणी, चूल, गुरे, धाकटे भावंड आणि बापाची शुश्रूषा हे सर्व कोणाकडे येते? घरातील थोरल्या मुलीकडे. ‘तुझी शाळा आजपासून बंद’ असे तिला कोणी बजावून सांगत नाही. एक दिवस ती घरी राहते, मग आठवड्यातून दोन दिवस, आणि दिवाळीनंतर तिचे नाव केवळ हजेरीपटावर उरते. कुटुंबावर संकट आले म्हणजे खर्चाची पहिली कपात मुलीच्या शाळेत होते, आणि ती इतक्या मुकाट्याने होते की घरच्यांनाही ती कपात वाटत नाही. ती कपात प्रथम दिसते ती शिक्षकाला. कारण हजेरीपट त्याच्या हातात असतो. प्रस्तुत लेखाचा मुख्य मुद्दा एवढाच आहे.

२. रामजी सुभेदारांचे घर

या विषयाचा एक दाखला आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे; तथापि या दृष्टीने आपण तो सहसा वाचीत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे वडील सुभेदार रामजी मालोजी सकपाळ हे लष्करात होते. लष्करी शाळेत त्यांनी दीर्घकाळ मुख्याध्यापकाचे काम केले. छावणीत सैनिकांच्या मुलांना शाळेची सोय असे. त्या वातावरणामुळे ज्ञानाची आवड त्या घरात रुजली होती. महू येथे १४ एप्रिल १८९१ रोजी भीमरावांचा जन्म झाला. त्यानंतर काही वर्षांतच रामजी सैन्यातून निवृत्त झाले. कुटुंब प्रथम दापोलीस व नंतर साताऱ्यास आले. तेथे मातोश्री भीमाबाईंचे निधन झाले. त्या वेळी भीमराव अगदी लहान होते.

रामजी एखाद्या लढाईत जायबंदी होऊन परतले होते असे नव्हे. परंतु छावणीतून गावात आलेल्या आणि मर्यादित उत्पन्नावर संसार ओढणाऱ्या सैनिकाच्या घरी काय घडते, ते या घरात स्पष्ट दिसते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने सातारा जिल्ह्यात तलाव खोदविण्याचे काम काढले होते. तेथे रोखपालाची नोकरी मिळाल्याने रामजींना बाहेरगावी राहावे लागले. मागे साताऱ्यास भीमराव, त्यांचे बंधू, दिवंगत थोरल्या बहिणीचे दोन मुलगे आणि आत्या अशी माणसे उरली. आत्या प्रेमळ, पण पायांनी अधू होत्या. त्यांना स्वतःलाच आधार लागे. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत लिहिले आहे की, ती चार मुले शाळेतही जात आणि स्वतःचा स्वयंपाकही करीत. भाकरी-पोळी त्यांना जमत नसे, म्हणून करावयास सोपा असा पुलाव करून ती दिवस काढीत.

चार मुले चूल पेटवितात आणि तरीही शाळा सोडीत नाहीत, हे चित्र प्रत्येक शिक्षकाने वर्गात सांगावे असेच आहे. पण त्याबरोबर एक प्रश्नही विचारावा: या घरातील मुली कोठे होत्या? बाबासाहेबांनीच नोंदविले आहे की, बहिणींची लग्ने होऊन त्या सासरी नांदत होत्या. थोरली तर मागे दोन मुलगे ठेवून गेली होती. त्या काळच्या रूढीप्रमाणे मुलींचे विवाह बालवयातच होत. पुढे मुंबईस भीमरावांना पुस्तके हवी असत आणि रामजींच्या हाती पैसा नसे. तेव्हा ते आपल्या विवाहित मुलींकडे जात, त्यांचा दागिना मागून घेत, तो गहाण ठेवून पुस्तक आणीत आणि पेन्शन मिळताच दागिना सोडवून परत करीत, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले आहे. एका भावाच्या ग्रंथप्रेमामागे बहिणींचे दागिने उभे होते. पित्याच्या त्यागाची ही कथा आपण आदराने सांगतो, तशीच ती बहिणींच्या त्यागाचीही कथा म्हणून सांगावयास हवी. म्हणजे वर्गातील मुलींना आपल्या घरचे चित्र त्यात ओळखू येईल आणि मुलांनाही विचार करावा लागेल.

३. दूरदेशीचा एक दाखला

असे प्रसंग केवळ आपल्याच समाजात घडतात असे नाही. पहिल्या महायुद्धात आल्फ्रेड टेलर नावाच्या इंग्रज सैनिकाने आपला एक पाय गमावला. रुग्णालयात ज्या परिचारिकेने त्याची शुश्रूषा केली, तिच्याशीच त्याचा विवाह झाला. १९१९ साली त्यांना इराणमध्ये मुलगी झाली. १९२५ साली हे कुटुंब आफ्रिकेत दक्षिण ऱ्होडेशियात म्हणजे आजच्या झिंबाब्वेत शेती करावयास गेले. मक्याच्या शेतीत अपेक्षित यश आले नाही. लाकडी पाय लावून शेतात फिरणारा, युद्धाच्या आठवणींतून बाहेर न पडलेला बाप आणि आशाभंगाने खचलेली आई यांच्या सहवासात ती मुलगी वाढली. वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास तिची शाळा सुटली. मात्र घरात पुस्तके होती आणि तिला वाचनाची गोडी लागली होती. त्या वाचनाच्या बळावर ती लेखिका झाली. तिचे नाव डोरिस लेसिंग. २००७ साली तिला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. उतारवयातही, २००८ साली, तिने आपल्या आई-वडिलांवरच ‘आल्फ्रेड अँड एमिली’ हे पुस्तक लिहिले. बापाचे युद्ध मुलीच्या आयुष्यात किती काळ चालते, हे त्यावरून ध्यानात यावे.

या दाखल्यावरून शाळा सुटली तरी चालते, असा अर्थ कोणी काढू नये. शाळा सुटलेल्या हजारो मुलींपैकी एखादीच लेसिंग होते. घेण्याजोगा बोध असा की, ज्या मुलीच्या हाती पुस्तक टिकून राहते, तिचा मार्ग पुरता बंद होत नाही.

४. आपल्या जिल्ह्यातील परिस्थिती

यवतमाळ जिल्हा कापसाचा. सोयाबीनची सवंगणी आटोपते न आटोपते तोच पऱ्हाटी फुटू लागते आणि वेचणी माघापर्यंत चालते. या दिवसांत हात कमी पडतात. आई वेचणीला गेली की धाकटे भावंड थोरलीच्या कडेवर येते. थोडी मोठी झाली की तीच ओटी बांधून आईबरोबर शेतात जाते. जेथे बाप धडधाकट आहे, तेथेही हे घडते. जेथे तो जायबंदी होऊन आला आहे, तेथे हटकून घडते.

येथे साधा हिशेब करून पाहावा. हंगामाच्या सोळा आठवड्यांत मुलगी आठवड्यातून दोनच दिवस घरी राहिली, तरी बत्तीस दिवस बुडाले. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षाचे किमान कामकाजाचे दिवस दोनशे. म्हणजे सुमारे सहावा हिस्सा गेला. भागाकार, अपूर्णांक, जोडाक्षरे यांपैकी जे त्या दिवसांत शिकविले गेले, ते तिचे कायमचे राहिले. मग ती वर्गात येऊनही मागे पडते आणि मागे पडलेली मुलगी घरी राहण्यास लवकर राजी होते.

सैनिकाचे घर आपल्या गावात नसेल, असेही होईल. परंतु सततच्या नापिकीने व कर्जाने ज्या घरचा कर्ता पुरुष खचला किंवा ज्याने स्वतःचा जीव दिला, अशी घरे या जिल्ह्याला दुर्दैवाने परकी नाहीत. तेथील मुलीची अवस्था याहून निराळी नसते. म्हणून पुढील सूचना त्या घरांनाही लागू समजाव्यात.

५. शिक्षकाने काय पाहावे

(अ) हजेरीतील खाडे कोणत्या वारी पडतात ते पाहावे. बाजाराच्या दिवशी किंवा बापाला दवाखान्यात नेण्याच्या दिवशी खाडा होत असेल, तर त्याचे कारण घरात आहे, आळसात नाही.

(आ) मुलगी उशिरा येते, मधल्या सुटीत घरी धाव घेते, शालेय पोषण आहारातील घास भावासाठी राखून ठेवते, दुपारी पेंगते. या गोष्टींना बेशिस्त समजू नये.

(इ) मोठा आवाज होताच दचकणे, वर्गात कोणी रागावले की अंग चोरणे, ‘बाबा’ या विषयावर निबंध लिहावयास सांगितला की वही कोरी ठेवणे, ही भीतीची चिन्हे आहेत.

(ई) सहावी-सातवीतील मुलगी एकाएकी नवे कपडे, पाहुणे, मामाचे गाव याविषयी बोलू लागली किंवा मैत्रिणींनी तशी कुजबुज केली, तर तिच्या लग्नाची बोलणी चालली आहेत का, याची हळुवार चौकशी करावी. मुलीचे वय अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी विवाह करणे हा २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे.

६. घरभेट

या कामी घरभेटीसारखा दुसरा उपाय नाही. भेटीला जाताना हजेरीपट काखेत घेऊन जाऊ नये. मुलीची वही घेऊन जावे. पुढील संवाद कल्पित आहे. बोलण्याचा सूर कसा असावा, एवढ्याचसाठी तो दिला आहे.

“या गुरुजी, बसा. पोरीची तक्रार घेऊन आले का?”

“तक्रार नाही भाऊ. तुमची मुलगी गणितात वर्गात पुढे आहे, तेवढे सांगायला आलो. ही तिची वही.”

“हुशार आहे ते खरं. पण तिची माय वेचणीले जाते अन् मी असा खाटेवर. लहान्याले कोन पाहीन?”

“लहाना किती वर्षांचा?”

“चवथं लागलं.”

“मग त्याला अंगणवाडीत घालू. सेविकाताईंशी मी बोलतो. आणि हिचा संध्याकाळचा अभ्यास तुम्ही घ्यायचा.”

“मी? मले काय येते गुरुजी?”

“फौजेत नकाशा वाचत होता ना? तिच्या भूगोलात नकाशेच आहेत. उत्तर दिशा कशी शोधावी, हे तुमच्यापेक्षा चांगले तिला कोण सांगणार?”

या संवादात शिक्षकाने उपदेश केलेला नाही. त्याने एक अडचण दूर केली आणि बापाला एक काम दिले. घरी परतलेल्या जखमी माणसाला सर्वांत जास्त बोचते ते आपले निरुपयोगी होणे. मुलीचा अभ्यास घेण्याचे काम त्याच्याकडे आले, तर मुलीची शाळा टिकते आणि बापालाही दिवसाकाठी एक तास माणसांत येण्याचे निमित्त मिळते. सर्वच घरी हे साधेल असे नाही. जेथे बापाचा संताप अनावर आहे किंवा व्यसनाने घर केले आहे, तेथे प्रथम आईशी, आजीशी किंवा थोरल्या काकाशी बोलावे. मुलीला मारहाण होत असल्याचे दिसल्यास ती घरगुती बाब समजून गप्प बसू नये. १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर कळवावे. मानसिक त्रासाविषयी सल्ला हवा असेल, तर २०२२ साली सुरू झालेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक घरच्यांना लिहून द्यावा.

७. वर्गातील एक पाठ : ‘घरातील कामाचे तास’

इयत्ता चौथी ते सहावी. विषय परिसर अभ्यास व गणित. वेळ दोन तासिका.

पहिल्या तासिकेस शिक्षकाने फळ्यावर सकाळी उठल्यापासून निजेपर्यंतची कामे मुलांकडूनच काढून घ्यावीत: पाणी भरणे, झाडलोट, भांडी, स्वयंपाक, सरपण, गुरांना चारा, धाकट्यांना सांभाळणे, आजाऱ्याची सेवा, शेतातील काम, अभ्यास, खेळ. प्रत्येक मुलाने काल आपण केलेल्या कामापुढे किती वेळ लागला ते कागदावर लिहावे. नाव लिहू नये. फक्त ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच लिहावे.

दुसऱ्या तासिकेस कागद गोळा करून मुलांनीच बेरजा व सरासरी काढाव्यात आणि दोन स्तंभांचा आलेख फळ्यावर काढावा. बहुधा मुलींचा कामाचा स्तंभ उंच आणि खेळाचा ठेंगणा निघेल. शिक्षकाने स्वतः काही बोलू नये. ‘यावरून काय दिसते?’ एवढेच विचारावे. त्यानंतर साताऱ्याच्या चार मुलांची गोष्ट सांगावी: मुलगे असूनही ती स्वयंपाक करीत आणि शाळेतही जात. शेवटी प्रत्येक मुलग्याने या आठवड्यात घरातील कोणते एक काम आपल्याकडे घ्यावयाचे, ते वहीत लिहावे. पुढील शनिवारी त्याचा आढावा घ्यावा.

या पाठात एकाही मुलीच्या घरची स्थिती वर्गासमोर उघडी पडत नाही, हे त्याचे महत्त्व. दयेने पाहिले गेलेले मूल शाळा टाळू लागते.

८. उपलब्ध साहाय्य

माजी सैनिकांच्या कुटुंबांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. हवालदार पदापर्यंतच्या माजी सैनिकांच्या दोन मुलांपर्यंत केंद्रीय सैनिक मंडळाकडून शिक्षणासाठी साहाय्य मिळते. रक्कम व अटी वेळोवेळी बदलत असल्याने चालू वर्षाची माहिती कार्यालयातूनच घ्यावी. पुढे व्यावसायिक शिक्षणासाठी २००६-०७ पासून पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनाही आहे. अशा अर्जांना शाळेचे दाखले व गुणपत्रके जोडावी लागतात. ती वेळेवर देणे हे आपल्या हातचे आहे. मुलीने शाळा सोडली, तर हे साहाय्यही बुडते, ही गोष्ट पालकांना समजावून सांगावी. आठवीतील होतकरू मुलीला राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेस अवश्य बसवावे.

जखमी सैनिकांसाठी पुण्यात जुन्या व नामांकित संस्था आहेत. खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ साली स्थापन झाली. तिचे कार्य अपंग सैनिकांना व्यवसाय शिकविणे. कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे. कण्याच्या इजेने लुळे पडलेल्या सैनिकांसाठी खडकी येथेच १९७४ पासून पुनर्वसन केंद्र चालते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झालेले सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळविले. ही हकीगत मुलीला सांगावी आणि शक्य झाल्यास तिच्या वडिलांनाही.

९. समारोप

शिक्षक युद्ध थांबवू शकत नाही. तुटलेला पाय जोडणे, कर्ज फेडणे किंवा पेन्शन मंजूर करणेही त्याच्या हाती नाही. वर्गात त्या मुलीची जागा राखून ठेवणे मात्र सर्वस्वी त्याच्या हाती आहे. ती आठ दिवसांनी आली, तर ‘कोठे होतीस?’ असे दरडावण्याऐवजी ‘आपण इथपर्यंत आलो आहोत, ये’ असे म्हणून पुस्तकाचे पान उघडून द्यावे. बुडालेला भाग तिला मैत्रिणीकडून मधल्या सुटीत समजावून द्यावा. वेचणीच्या दिवसांत वाचनासाठी एक पुस्तक घरी न्यावयास द्यावे. ती पुस्तक परत करावयास येईल तेव्हा शाळेचा उंबरठा तिने पुन्हा ओलांडलेला असेल.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेत गेल्या वेचणीच्या हंगामात ज्या मुलींचे खाडे दहाहून अधिक झाले, त्यांच्या घरची कारणे कोणती होती?

२. रामजी सुभेदारांच्या घराची हकीगत इयत्ता चौथीला कशी सांगाल? तीत बहिणींचा उल्लेख कोठे व कसा कराल?

३. घरी आजारी मनुष्य असलेल्या मुलीला गृहपाठ देताना कोणते तारतम्य राखावे?

४. अंगणवाडी व शाळा यांच्या वेळा जुळविल्यास आपल्या गावातील किती मुलींची सोय होईल? शाळा व्यवस्थापन समितीपुढे हा विषय कसा मांडाल?

कृती : प्रत्येक शिक्षकाने पुढील शिक्षण परिषदेपूर्वी किमान एका घरी भेट द्यावी. मुलीचे नाव न घेता त्या भेटीचे पाच ओळींचे टिपण परिषदेत वाचावे.